कोरडं फिरवलं का?

विश्वेशनं पुण्याहून टाइप करून आणलेला कागद जेवणाच्या टेबलावर मधोमध पडून होता आणि गेला अर्धा तास त्याला कुणीही हात लावला नव्हता. आई समोर बसून मटार सोलत होती. विश्वेशची मुलगी अपूर्वा सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाइल बघत होती. आतल्या खोलीत वडील, अप्पा, झोपले होते आणि त्यांना जाग येऊ नये म्हणून सगळे हळू आवाजात बोलत होते.

"ताई, वाच तरी," विश्वेश म्हणाला. "उद्या अकराला चौकशी समितीसमोर बसायचंय. तिथं गेल्यावर तू वेगळं, अप्पा वेगळं, असं व्हायला नको."

"वाचलाय मी," स्वरदा म्हणाली.

खरंच वाचला होता. दोन पानी निवेदनात महत्त्वाचं वाक्य एकच होतं, पहिल्या पानाच्या तळाशी: 'घटनेच्या वेळी श्री. यादव हे आखून दिलेल्या पिवळ्या चौकोनाबाहेर, विमानाच्या शेपटीपासून धोकादायक अंतरावर उभे होते.' बाकी सगळं खरं होतं. ते एवढं एक वाक्य सोडून.

बारा दिवस झाले होते. सव्वीस जानेवारीला जानोरी रस्त्यावरच्या हँगरसमोर साडेतीनशे माणसं जमली होती. वर्षातून चारदा अप्पा तिथल्या जुन्या मिग लढाऊ विमानाचं इंजिन लोकांसमोर चालवून दाखवत. विमान उडायचं नाही. चाकांना ठोकळे लावून, जागच्या जागी, तीन मिनिटं. पण त्या तीन मिनिटांसाठी ओझरच्या विमान कारखान्यातनं निवृत्त झालेली म्हातारी माणसं इस्त्रीचे शर्ट घालून यायची, निफाड-दिंडोरीच्या शाळांच्या बसेस यायच्या, बागांमधली द्राक्षतोडणी थांबवून लोक यायचे. इंजिन पेटलं की आधी पायाखालची जमीन थरथरायची, मग छाती. लहान मुलं रडायची आणि म्हातारी माणसंही. हवाई दलातून ही विमानं निवृत्त झाली, तेव्हापासून तर गर्दी दुप्पट झाली होती. बाकी ठिकाणी ती चौकात, फाटकासमोर खांबावर चढवून ठेवलेली. चालणारं हे एक, असं अप्पा सगळ्यांना सांगायचे.

त्या दिवशी सकाळी नऊला, फाटक उघडायच्या आधी, त्यांनी एकदा चालवून बघितलं होतं. पेटलं नाही. इंजिन फिरलं, इंधन आत गेलं, पण जाळ धरला नाही. असं झालं की आत सांडलेलं रॉकेलासारखं ते इंधन बाहेर काढावंच लागतं. ठिणगी बंद ठेवून इंजिन नुसतं हवेवर फिरवायचं, मग शेपटीखालची तोटी उघडून सगळं निथळलंय का ते बघायचं. हँगरमध्ये याला 'कोरडं फिरवणं' म्हणत. स्वरदाला तेव्हाच फाटकावरून बोलावणं आलं, कारण शाळेच्या दोन बसेस एकमेकींसमोर अडकल्या होत्या. "तू हो पुढं, मी फिरवतो," अप्पा म्हणाले. ती गेली. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा अप्पांचे मदतनीस यादवकाका त्यांना विचारत होते, "साहेब, कोरडं फिरवलं का?" आणि अप्पा रुमालाला हात पुसत म्हणाले होते, "हो, मग!"

फिरवलं नव्हतं.

अकरा वाजता त्यांनी बटण दाबलं. आत साठलेलं इंधन एकदम पेटलं आणि शेपटीतून वीस फुटांचा जाळ बाहेर आला. वारा फिरला. यादवकाका अग्निशामक घेऊन आपल्या पिवळ्या चौकोनात उभे होते, जिथं ते नेहमी उभे राहत तिथंच. जाळ त्यांच्या अंगावरनं गेला. तरी ते हलले नाहीत. हातातलं नळकांडं रिकामं होईपर्यंत फवारत राहिले आणि आग विझल्यावरच खाली बसले. दोन्ही हात, मान, चेहऱ्याची उजवी बाजू. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याचं आत्ताच सांगता येणार नाही.

लोक विमानाच्या नाकासमोर उभे केलेले असतात. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जाळ होता, धूर होता. यादवकाका कुणाच्याच नव्हते. आणि सकाळचा तो न पेटलेला स्टार्ट अप्पा, यादवकाका आणि ती, एवढ्या तिघांनाच ठाऊक आहे असं स्वरदाला वाटत होतं; विश्वेशलाही तो तिनंच सांगितला होता.

"मी काल गेलो होतो यादवकाकांकडे," विश्वेश म्हणाला. "सगळं समजावून सांगितलं. ते हो म्हणाले. म्हणाले, साहेबांचं नाव येऊ देऊ नका, माझं लिहा. मग आपल्याला काय अडचण आहे?"

"त्यांना झोपेचं इंजेक्शन देतात रोज," स्वरदा म्हणाली.

"ताई, ते शुद्धीत होते. आणि मी काही त्यांना फासावर चढवत नाहीये. मदतनीस चुकून पुढे आला, एवढंच. समिती एक ताकीद देईल, प्रकरण मिटेल. नाहीतर काय होईल ते सांगू? एकोणऐंशी वर्षांच्या माणसावर निष्काळजीपणाचा गुन्हा. पोलीस ठाण्यात बाकावर बसवतील त्यांना. आणि तुझं ते विमान कायमचं बंद. ते तर तुला चालेल ना?"

तिला चालणार नव्हतं. हीच तर गोम होती. विमान आलं तेव्हा नुसता सांगाडा होता, आत चिमण्यांची घरटी. तंत्रनिकेतनात शिकवून झालं की ती रोज तिकडे जायची. स्वतःचा संसार मोडून माहेरी परतलेल्या बाईला कुठंतरी जायला हवं असतंच. इंजिन पहिल्यांदा पेटायला पाच वर्षं लागली. त्यानंतरच्या अकरा वर्षांत तिनं एकही रविवार चुकवला नव्हता. कागद वाचल्यापासून तिच्या मनात एकच विचार पुन्हा पुन्हा येत होता, की सही केली तर एप्रिलमधला कार्यक्रम होऊ शकेल. त्या विचाराची तिला लाज वाटत होती, पण तो जात नव्हता.

"आई, तू बोल ना काहीतरी," विश्वेश म्हणाला.

"मी काय बोलू?" कुसुमताईंनी शेंग फोडली. "ह्यांना पोलिसात न्यायचं म्हणजे... पंचवटीतली भिक्षुकी सोडून कारखान्यात लागले तेव्हा मामंजी तीन वर्षं बोलले नव्हते ह्यांच्याशी. ह्यांनी सगळं सोसलं त्या विमानांपायी. आता शेवटी शेवटी हे नको बघायला मला. स्वरदा, विशू म्हणतोय तसं कर."

दारावरची बेल वाजली.

अपूर्वानं दार उघडलं. बाहेर यादवकाकांची बायको सविता उभी होती. इस्पितळ नाशिकच्या द्वारका चौकात, तिथून रिक्षानं हिरावाडीतल्या या घरापर्यंत आली होती ती. हातात रिकामी पिशवी, डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला. बारा दिवसांत ती निम्मी झाली होती.

"ये सविता, बस," आई उठत म्हणाली. "चहा टाकते."

"नको वहिनी. चहा पेले की मग मला बोलता यायचं नाय." ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली आणि विश्वेशकडं वळली. "दादा, काल तुम्ही ह्यांच्याकडं येऊन गेले. हे हो म्हनले. ह्यांना साहेबांच्या मानसाला नाय म्हनता येत नाय. आजवर आलं नाय. म्हनून मी आले."

"काकू, यादवकाकांवर काही केस होणार नाही. ते मी बघेन."

"केसचं नका सांगू मला. तो पिवळा चौकोन कुनी काढला, म्हाईतीय? ह्यांनीच. घरनं डबा घेऊन गेले रंगाचा, माझी मोजपट्टी घेऊन गेले. दर पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवायचे. कारखान्यात तीस वर्षं आग विझवायच्या खात्यात होते, एक दिवस चुकीच्या जागी उभे राहिले नाय. अंग जळत होतं तरी जागा सोडली नाय हो त्यांनी. आन् तुम्ही लिहिनार, ते भलतीकडं उभे होते?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला, कारण आतल्या खोलीचं दार बंद आहे हे तिच्या लक्षात आलं. "साहेबांना काय व्हावं असं मला वाटत नाय. देवाशपथ नाय. पन ह्यांच्याकडं आता दुसरं काय ऱ्हायलंय? हात तर गेले."

सवितानं स्वरदाकडं पाहिलं.

"ताई, तुम्ही होता तिथं. तुम्हाला म्हाईत आहे."

"आहे, काकू."

"मग झालं," ती म्हणाली, आणि जशी आली तशी जिना उतरून गेली.

विश्वेशनं कपाळावरचा घाम पुसला. "बघितलंस? आता ही बाई उद्या तिथं येऊन बसली तर? पण तिला तरी काय माहीत? ती तिथं नव्हती. सकाळच्या स्टार्टचं तिला माहीत नाही."

"सकाळचं म्हणजे नऊ वाजताचं?" अपूर्वानं विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती विश्वेशची थोरली, नाशिकलाच इंजिनीअरिंगला होती आणि दोन वर्षांपासून आजीआजोबांकडं राहत होती.

"मी खुर्च्या लावत होते ना तिकडं. आवाज आला होता. इंजिनाची शिट्टी चढत गेली आणि मग खाली आली. आजोबा म्हणाले, पेटलं नाही म्हणून. त्याचं काय?"

"त्याचं काही नाही," विश्वेश म्हणाला. "तू काही ऐकलेलं नाहीस."

"ऐकलं बाबा."

"अपूर्वा, तुला कुणी विचारणार नाहीये. आणि विचारलंच तर तू दहा वाजता आलीस, मैत्रिणीच्या गाडीवरून. कुठली ती, स्नेहा. तिच्याबरोबर आलीस. तिलाही सांगून ठेव तसं."

अपूर्वानं फक्त आजीकडं पाहिलं, लहानपणी बाप रागावला की पाहायची तसं.

आईनं मटारांची परात बाजूला सरकवली.

"विशू, हे पोरीला शिकवू नकोस."

"आई, आत्ता तूच म्हणालीस..."

"म्हणाले. माझ्यापुरतं म्हणाले. मी दोन वर्षं खोटं बोलतेय, मला सवय झालीय. तिला नको." आई ओल्या हातांकडं बघत बोलत होती. "हे विसरतात. तुमच्यापैकी कुणाला सांगितलं नाही मी. गेल्या वर्षी पहाटेच उठून कपडे घालून तयार, ओझरची बस चुकेल म्हणून. मी डबा भरून दिला. हातात दिला आणि म्हटलं चला, मी येते थांब्यापर्यंत. कॉलनीला दोन फेऱ्या मारल्या आम्ही. मग म्हणाले, कुसुम, आपण कुठं निघालोय? असं चार-पाचदा झालं. दुधाचा हिशोब, गॅसचा नंबर, सगळं मी बघते आणि ह्यांना वाटतं तेच बघतात. म्हटलं, हँगरमध्ये स्वरदा आहे. तिथं तर ह्यांचे हात आपोआप चालतात."

"मला माहीत होतं, आई," स्वरदा म्हणाली. "दिवाळीच्या आधीच्या शोला त्यांनी एक पायरी गाळली. तेव्हापासून मी हेडफोनवरून त्यांना यादी वाचून दाखवते. ते म्हणतात, कशाला वाचतेस, मला पाठ आहे. मी म्हणते, नियम आहे अप्पा. सव्वीस तारखेलाही वाचली. पण कोरडं फिरवणं स्टार्टच्या यादीत नसतं. ते मधलं काम. ते आमच्या डोक्यात असतं."

"म्हणजे," विश्वेश हळूहळू म्हणाला, "तुम्हा दोघींना माहीत होतं. आणि तरी तुम्ही त्यांना त्या विमानात बसवत होतात? साडेतीनशे माणसांसमोर?"

"हो," स्वरदा म्हणाली.

"मी पुण्याहून आठवड्याला फोन करतो. 'कसे आहेत?' 'छान आहेत.' प्रत्येक वेळी. मला का नाही सांगितलं?"

"तू बंद करायला लावलं असतंस."

"लावलंच असतं!" तो ओरडला, आणि आतल्या खोलीत पलंग करकरला.

मग तो खुर्चीत बसला. कागद त्यानं उचलला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिला. आता त्याच्यावर चिडायला कुणालाच जागा नव्हती. या घरात त्या दुपारी हक्कानं रागवू शकेल असा तोच एक होता.

अप्पा बाहेर आले. झोपेनं केस उभे राहिलेले, पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"विशू! कधी आलास? सगळे असे का बसलाय?"

"उद्या समिती आहे अप्पा," स्वरदा म्हणाली. "सव्वीस तारखेच्या अपघाताची."

"हां हां. यादव भाजला." त्यांचा चेहरा उतरला. "वाईट झालं. वारा फिरला एकदम. पण स्टार्ट स्वच्छ होता, मी वहीत लिहिलंय. एकच स्टार्ट."

ती वही तिनं पाहिली होती. २६ जानेवारी, स्टार्ट एक, खाली त्यांची ठसठशीत सही. ते खोटं लिहीत नव्हते. त्यांच्यापुरता तो दिवस अकरा वाजता सुरू झाला होता.

"अप्पा, पहिला स्टार्ट पेटला नाही तर काय करायचं?"

"म्हणजे काय? इंधन तोडायचं, ठिणगी बंद, कोरडं फिरवायचं. मग तोटी उघडायची, थेंब बंद होईपर्यंत थांबायचं. घाई करायची नाही." ते झरझर बोलत होते, नव्या पोरांना शिकवताना बोलायचे तसे. "का? तू विसरलीस?"

आई उठून आत जायला निघाली आणि दारातच थांबली.

"अप्पा, त्या दिवशी सकाळी नऊला," स्वरदा म्हणाली, "आपण एक स्टार्ट केला होता. पेटला नाही. कोरडं फिरवायचं राहिलं. ते इंधन अकरा वाजता पेटलं."

"छे."

"मी होते तिथं."

"छे, असं कसं होईल?" त्यांनी विश्वेशकडं पाहिलं, मग अपूर्वाकडं, मग कुसुमताईंकडं. कुणीही नजर उचलली नाही आणि त्यावरून त्यांना कळलं. ते हळूच खुर्चीवर टेकले. बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"यादवनं विचारलं नाही मला?"

"विचारलं होतं."

"मी काय म्हणालो?"

"हो म्हणालात."

त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आवाज खाली आलेला होता, पण कापत नव्हता.

"मग तसं लिही," ते म्हणाले.

स्वरदानं लिहिलं. हातानं, रेघांच्या कागदावर, चार ओळी. अप्पांनी सही केली. त्यांच्या सहीखाली तिनं स्वतःची केली आणि आणखी एक वाक्य घातलं: त्यांना विस्मरण होतं हे मला माहीत होतं.

संध्याकाळी दिवा लावताना ते आईला म्हणाले, उद्या काळजी नको, वहीत एकच स्टार्ट आहे. स्वरदानं त्यांना समोर बसवून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी पुन्हा 'छे' म्हटलं, पुन्हा सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं, पुन्हा तेच दोन प्रश्न विचारले. मग तसं लिही, म्हणाले. लिहिलंय अप्पा, तुमची सही आहे, ती म्हणाली. सही पाहून त्यांना धक्का बसला. विश्वेश उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ बाहेर पाठमोरा उभा राहिला.

सकाळी गाडीत, आडगाव नाक्याच्या पुढे, तिसऱ्यांदा. या वेळी विश्वेशनंच सांगितलं. गाडी कडेला घेऊन, मागं वळून. त्याला ते नीट सांगता आलं नाही, मध्येच थांबला, तरी अप्पांनी शेवटी तेच उत्तर दिलं.

हँगरमध्ये टेबल मांडलं होतं. समितीत तिघं होते. अध्यक्ष हवाई दलातून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ; अप्पांना बघून ते उभे राहिले. मागं मिग उभं होतं, शेपटीकडची बाजू काळी झालेली, जमिनीवर पिवळा चौकोन तसाच. सविता भिंतीशी एका स्टुलावर बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जाही म्हटलं नाही.

"सर, आपल्या मुलीनं दिलेलं निवेदन वाचलं," अध्यक्ष म्हणाले. "पण लॉगबुकात वेगळी नोंद आहे. म्हणून आपल्या तोंडून ऐकायचंय. त्या दिवशी किती स्टार्ट झाले?"

"एकच," अप्पा ताठ बसून म्हणाले.

समितीतल्या एका सदस्यानं पेन खाली ठेवलं. स्वरदाला वाटलं, इथं गप्प बसलं तरी चालेल. लॉगबुक आहे, त्यांचा शब्द आहे, आपलं निवेदन आहे. काय धरायचं ते ही माणसं ठरवतील. मग ती उठली आणि अप्पांच्या खुर्चीशेजारी खाली, फरशीवर बसली, म्हणजे त्यांना तिच्याकडं बघायला मान वळवावी लागणार नाही.

चौथ्यांदा सांगितलं. परक्या माणसांसमोर.

"छे," अप्पा म्हणाले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. नंतर विमानाकडं. आज ते काळे डाग त्यांच्या समोर होते आणि ते डाग कशाचे असतात हे त्या हँगरमध्ये त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"यादवनं विचारलं असेल ना मला?"

"विचारलं होतं अप्पा."

"मी काय म्हणालो?"

"हो म्हणालात."

ते अध्यक्षांकडं वळले. "मग लिहून घ्या," ते म्हणाले. "माझी चूक आहे. यादव त्याच्या जागेवर होता. तो कधीच जागा सोडत नाही."

भिंतीशी सवितानं पदर तोंडाला लावला.

दुपारी दोनपर्यंत सगळं उरकलं. अध्यक्षांनी आदेश वाचून दाखवला. इंधनाच्या नळ्या आणि स्टार्टर काढून घ्यायचा, इंजिनात गंज न धरणारं तेल भरून तोंड कायमचं बंद करायचं, विमान केवळ पाहण्यापुरतं ठेवायचं. पोलिसांचं पोलीस बघतील, पण वय आणि प्रकृतीचा उल्लेख आपण अहवालात केलाय. त्यांनी अप्पांशी हात मिळवला. अप्पांनी विचारलं, "पुढचा शो कधी ठेवायचा?" विश्वेश त्यांना दंडाला धरून गाडीकडं घेऊन गेला.

स्वरदा तिथून थेट इस्पितळात गेली. द्वारकेच्या चौकात अर्धा तास अडकली. वॉर्डात शिरली तेव्हा यादवकाका जागे होते. हात कोपरापर्यंत गुंडाळलेले, चेहऱ्याची एक बाजू झाकलेली. उघडा डोळा तिच्यावर आला.

"साहेबांना कळलं?"

"हो, काका. त्यांनी स्वतः सांगितलं समितीला. तुम्ही जागेवर होता असंही सांगितलं."

"कितींदा सांगावं लागलं त्यांना?"

ती चमकली. "चारदा," ती म्हणाली.

यादवकाका छताकडं बघत राहिले. "मला तुझ्या आधीपासनं म्हाईत होतं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली आसतील. पाना हातात आसायचा आन् मला म्हनायचे, यादव, पाना कुठंय? मी म्हनायचो, हा घ्या साहेब. त्यांच्याच हातातला काढून पुन्हा द्यायचो." ते थांबले. बोलताना ओठ ओढला जात होता. "त्या दिवशी मी विचारलं ना, कोरडं फिरवलं का? उगाच नाय विचारलं. मी फाटकाकडं होतो, पन कान हिकडंच होते. दुसऱ्यांदा शिट्टी आली नव्हती. ते हो म्हनले, तेव्हाच मला कळलं, फिरवलं नाय."

स्वरदा खाटेच्या कडेवर टेकली.

"तोटी उघडून बघायची. दोन मिंटाचं काम. निथळलं नसतं तर दिसलंच असतं. पन साहेबांसमोर, त्यांनी हो म्हनल्यावर, मी वाकून तोटी उघडायची? म्हंजी तुमच्यावर भरोसा नाय म्हनल्यासारखं. सगळी जुनी मानसं उभी होती बाजूला. म्हनलं, जाऊ दे. थोडंफार आसलं तर मी आहेच की मागं, नळकांडं घेऊन." त्यांनी डोळा मिटला. "माझं पन लिही पोरी. यादवनं तोटी उघडली नाय, आसं."

"समितीचं झालं आता, काका. त्यांनी अहवाल बंद केला."

"मग तू तरी ऐकून घे."

ती खाटेच्या कडेवर बसून राहिली. कितीतरी वेळानं तिच्या लक्षात आलं, की सविता दारात उभी आहे, हातात डबा घेऊन. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं.

सविता आत आली. स्वरदानं उठून जागा दिली. तिनं डबा उघडला, मऊ भातात वरण कालवलं आणि नवऱ्याच्या मानेखाली एक हात घालून दुसऱ्या हातानं घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यांनी खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला ती त्यांच्याकडं न बघताच म्हणाली,

"मला तरी सांगायचं होतं."

"तुला सांगितलं आसतं तर तू मला तिथं उभं राहू दिलं नसतं."

"नसतंच दिलं," सविता म्हणाली, आणि पुढचा घास भरवला.